सोलर बसवलं, पण इन्स्टॉलर फोन उचलत नाही? तक्रार कोणाकडे, कशी आणि कोणत्या पुराव्यावर करायची

घराच्या छतावर सोलर बसवायला सरकारी अनुदान मिळतं, हे आता गावागावांत माहीत झालंय. १३ फेब्रुवारी २०२४ ला ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली आणि तेव्हापासून चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा गावांत छतावर निळे-काळे पॅनेल दिसायला लागले. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान थेट घरमालकाच्या खात्यात येतं. इथपर्यंत सगळं बरोबर.

अडचण सुरू होते नंतर. पैसे घेईपर्यंत रोज फोन करणारा इन्स्टॉलर काम झाल्यावर ‘उद्या येतो भाऊ’ म्हणत महिने काढतो. युनिट कमी बनतात, नेट मीटर लागत नाही, स्लॅब गळायला लागतो, इन्व्हर्टर बंद पडतो. अशा वेळी घरातले मोठे म्हणतात, ‘तुझ्याच फोनमध्ये ते अॅप आहे ना, बघ काय करता येतं.’ हा लेख त्या ‘तुझ्या’साठी आहे.

मी मेहकरचा. आमच्या घरी ३.३ किलोवॅटचं सोलर आहे आणि इन्स्टॉलरशी भांडण आम्हीही केलंय. त्यातून एक गोष्ट पक्की समजली: आवाज चढवून काही होत नाही. बिघाड नेमका कोणाच्या बाजूचा आहे हे आकड्यांत दाखवता आलं, की समोरच्याला पळवाट राहत नाही. आणि हे आकडे तुमच्या फोनमध्येच असतात.

थोडक्यात काय करायचं

- करार आणि बिल कोणाच्या नावाचं आहे ते आधी बघा.
- इन्व्हर्टरच्या अॅपचं मालकी खातं स्वतःच्या नावावर घ्या.
- बिघाड इन्स्टॉलरचा, पॅनेल कंपनीचा की महावितरणचा, हे ठरवा.
- तक्रार लेखी करा आणि तारीख देऊन मुदत द्या.
- मुदत संपली की पोर्टल, मग १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. हा क्रम पाळा.

१. तुमचा करार नक्की कोणाशी झालाय?

आपल्या जिल्ह्यात बरेचदा काम घेणारा माणूस गावातलाच असतो. इलेक्ट्रिकचं दुकान असतं, नाहीतर ओळखीतला कोणी असतो. पण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेला विक्रेता वेगळाच असू शकतो: अकोल्याची, नागपूरची, नाहीतर छत्रपती संभाजीनगरची एखादी कंपनी. गावातला माणूस तिचा डीलर किंवा नुसता एजंट असतो. वाद झाला की डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी म्हणते, ‘त्या माणसाचा आमचा संबंध नाही.’

म्हणून हे तीन कागद आधी काढा:

- करार: योजनेत ग्राहक आणि नोंदणीकृत विक्रेता यांच्यात करार होतो. त्याचा नमुना ठरलेला आहे. त्यावर ज्याची सही, तो मुख्य जबाबदार.
- जीएसटी बिल: त्यावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका. कंपनीचं नाव आणि पत्ता समोर येतो. नोटीस पाठवायला हाच पत्ता लागतो.
- पैसे कोणाला गेले: यूपीआय, चेक किंवा बँक कर्जाची नोंद. डीलरच्या खात्यात गेले असतील तर त्याचं नावही तक्रारीत घ्यायचं.

बिलच दिलं नसेल तर? बिल किंवा पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तो तक्रारीतला एक वेगळा मुद्दा होतो.

करारातली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे ५ वर्षांची देखभाल. योजनेतून बसवलेल्या प्रकल्पाची ५ वर्षं देखभाल-दुरुस्ती करणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ‘एक वर्ष झालं, आता सर्व्हिसचे पैसे लागतील’ असं कोणी म्हणालं तर करार उघडून हीच ओळ दाखवा. पॅनेल धुणं मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच करावं लागतं, त्यावरून वाद घालू नका.

वॉरंटी वेगळी आणि देखभाल वेगळी, हेही लक्षात घ्या. पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी ते बनवणाऱ्या कंपनीची असते. पॅनेलला साधारण २५ वर्षांची वीजनिर्मितीची हमी असते, इन्व्हर्टरची वॉरंटी त्यापेक्षा बरीच कमी असते. पण ती वॉरंटी मिळवून द्यायला धावपळ करणं हे ५ वर्षांत विक्रेत्याचं काम आहे.

२. फोनमध्ये आजच करून ठेवा

वाद नसला तरी हे करून ठेवा. वाद झाल्यावर यातल्या अर्ध्या गोष्टी मिळत नाहीत.

अॅपचं खातं: इन्व्हर्टरला वायफायचं छोटं यंत्र, म्हणजे डोंगल, लावलेलं असतं. ते रोजची निर्मिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं. बरेच इन्स्टॉलर प्रकल्प स्वतःच्या खात्यात नोंदवतात आणि ग्राहकाला फक्त ‘बघण्याची’ परवानगी देतात. भांडण झालं की ती परवानगी काढून घेता येते आणि तुमचा पुरावा तुमच्याच हातातून जातो. अॅपच्या सेटिंगमध्ये तुम्ही ‘ओनर’ आहात की ‘व्ह्यूअर’ ते बघा. व्ह्यूअर असाल तर मालकी बदलून मागा, लेखी मागा. इन्स्टॉलर देत नसेल तर डोंगलवरचा सिरीयल नंबर आणि बिल जोडून इन्व्हर्टर कंपनीला थेट ईमेल करा.

डेटा उतरवून ठेवा: बहुतेक अॅपमध्ये महिन्याचा अहवाल एक्सेल फाइलमध्ये उतरवता येतो. दर महिन्याच्या १ तारखेला तो ड्राइव्हवर ठेवा. घरचा वायफाय बंद असेल तर त्या दिवसांची नोंद तुटू शकते, म्हणून इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरच्या एकूण युनिटचाही फोटो काढा.

फोटो: प्रत्येक पॅनेलच्या मागच्या लेबलचा, इन्व्हर्टरच्या लेबलचा, अर्थिंगच्या खड्ड्यांचा, वीजरोधकाचा आणि स्लॅबमध्ये स्ट्रक्चर जिथे बसवलंय त्या जागांचा. लेबलवरचा सिरीयल नंबर वाचता आला पाहिजे. अनुदानासाठी देशात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतात. करारात एक पॅनेल आणि छतावर दुसरं निघालं, तर हे फोटोच कामाला येतात.

चॅट: इन्स्टॉलरशी असलेल्या व्हॉट्सअॅप चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मूळ चॅटही पुसू नका. फोनवर बोलणं झालं की लगेच मेसेज टाका: ‘आत्ता आपलं बोलणं झालं, तुम्ही शुक्रवारपर्यंत माणूस पाठवतो म्हणालात.’ समोरच्याने ‘हो’ लिहिलं की काम झालं. काहीच लिहिलं नाही तरी तुमची नोंद राहते.

३. बिघाड कोणाच्या बाजूचा?

तक्रार चुकीच्या दारात नेली की दोन-तीन महिने फुकट जातात. म्हणून आधी हे तपासा.

निर्मिती रोजच थोडी कमी वाटते: १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. उन्हाळ्यात जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे बरीच कमी. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे पॅनेल ६० अंशांच्या वर तापतं, तेव्हा दहा-बारा टक्के घट नैसर्गिक आहे. ३.३ किलोवॅटचा प्रकल्प भर दुपारी २.७ किंवा २.८ किलोवॅट दाखवत असेल तर तो बिघाड नाही. सोयाबीनच्या मळणीनंतर, किंवा जिनिंगजवळ घर असेल तर, धुळीचा थर बसतो. आधी पॅनेल धुवा, सकाळी गार असताना. मग तीन दिवस आकडे बघा.

ठराविक वेळीच निर्मिती पडते: ग्राफमध्ये रोज एकाच वेळी खड्डा दिसत असेल तर सावली असू शकते: पाण्याची टाकी, शेजारचा मजला, झाड. प्रकल्प बसवायच्या आधीपासून ती सावली असेल, तर जागा निवडण्यात इन्स्टॉलरने हयगय केली. शेजाऱ्याने नंतर मजला चढवला असेल तर इन्स्टॉलरचा दोष नाही.

लाईन गेली की सोलरही बंद: हा बिघाड नाही. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईन गेल्यावर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. ‘लाईन गेली तरी चालेल’ असं इन्स्टॉलरने लिहून दिलं असेल, तर मात्र ती खोटी जाहिरात झाली.

दुपारी इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतो: अॅपमध्ये ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असा इशारा येतो. यात दोघांपैकी कोणीही जबाबदार असू शकतं. कसं ओळखायचं ते पुढे आमच्या उदाहरणात सांगतो.

निर्मिती एकदम शून्य: लाईन आहे, ऊन आहे, तरी शून्य. इन्व्हर्टर, फ्यूज किंवा पॅनेलमधला जोड गेलेला असतो. देखभालीचं काम, म्हणजे इन्स्टॉलर. स्वतः जोड उघडू नका. उन्हात पॅनेलच्या तारांत कित्येकशे व्होल्टचा डीसी करंट असतो आणि तो मेन स्विच पाडल्याने जात नाही.

नेट मीटर लागत नाही: पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा. इन्स्टॉलरने काम पूर्ण झाल्याची कागदपत्रं टाकलीच नसतील तर दोष त्याचा. टाकली असतील तर चेंडू महावितरणकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बदललेल्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे, कागदपत्रं मिळाल्यावर वितरण कंपनीने १५ दिवसांत प्रकल्प सुरू करून द्यायचा आहे. १० किलोवॅटपर्यंत वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासही लागत नाही. त्यामुळे ‘सर्व्हे व्हायचाय’ हे कारण घरगुती सोलरला चालत नाही.

स्लॅब गळतो: स्ट्रक्चरसाठी पाडलेल्या छिद्रांतून पाणी येत असेल तर ते इन्स्टॉलरचं काम. पहिल्या पावसातच ओल आलेल्या जागेचा आणि तिच्या बरोबर वरच्या छिद्राचा फोटो काढा.

गारपीट किंवा वादळ: गारांनी काच फुटली तर वॉरंटीत ते सहसा बसत नाही, विमा बघावा लागतो. पण वाऱ्याने स्ट्रक्चरच उखडून गेलं आणि शेजाऱ्याचं टिकलं, तर कामाच्या दर्जाचा प्रश्न येतो.

४. तीन आकडे जुळवा

तीन आकडे असतात: अॅपमधली निर्मिती, मीटरवरची आयात म्हणजे महावितरणकडून घेतलेली वीज, आणि मीटरवरची निर्यात म्हणजे आपण दिलेली वीज. हिशेब सोपा आहे.

समजा महिन्याला अॅपमध्ये ३३० युनिट बनले, निर्यात २१० आणि आयात १९०.

- सोलरमधून थेट घरात वापरले: ३३० वजा २१० = १२० युनिट
- घराचा एकूण वापर: १२० अधिक १९० = ३१० युनिट
- निर्यात आयातीपेक्षा २० ने जास्त, म्हणून हे २० युनिट पुढच्या महिन्यात जमा

जमा युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे सरकतात. या महिन्यात विजेच्या युनिटचे पैसे लागायला नकोत, पण स्थिर आकार येणारच. ‘बिल शून्य झालं नाही’ म्हणून इन्स्टॉलरशी भांडण्याआधी बिलात स्थिर आकार किती आहे ते बघा.

आता उपयोग बघा. निर्यात अॅपमधल्या निर्मितीपेक्षा जास्त दिसली तर ते शक्यच नाही, कुठलं तरी मोजमाप चुकतंय. मीटरवरची निर्यात आणि बिलातली निर्यात जुळत नसेल तर तक्रार महावितरणकडे. दोन्ही जुळतात आणि अॅपमधली निर्मितीच कमी आहे, तर तक्रार इन्स्टॉलरकडे. तारखा मात्र बिलातल्या रीडिंगच्याच धरा, महिन्याच्या १ ते ३० नव्हे.

५. आमच्या घरी काय झालं

आमच्याकडे ५५० वॅटचे सहा पॅनेल आहेत. हिवाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट बनायचे. मार्च लागला, ऊन वाढलं आणि युनिट नऊवर आले. अॅपचा ग्राफ सकाळी छान चढायचा आणि ११ नंतर करवतीच्या दात्यांसारखा तुटायचा. इशारा ग्रिड ओव्हर व्होल्टेजचा.

इन्स्टॉलर म्हणाला, ‘लाईनचा प्रॉब्लेम आहे, महावितरणला सांगा.’ लाईनमन म्हणाला, ‘आमचं बरोबर आहे, सोलरवाल्याला बोलवा.’ दोन आठवडे यातच गेले.

मग आम्ही ओळखीच्या परवानाधारक वायरमनला दुपारी १२ वाजता बोलावलं. त्याने एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं. मीटरजवळ २४१, इन्व्हर्टरजवळ २५८. घरगुती पुरवठ्यात २३० च्या वर-खाली ६ टक्के चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. मीटरवरचं व्होल्टेज मर्यादेत होतं. मधले १७ व्होल्ट वाढत होते ते मागच्या स्लॅबवरच्या इन्व्हर्टरपासून पुढच्या मीटरपर्यंत आलेल्या तारेत. तार लांब आणि गरजेपेक्षा बारीक. लाईन निर्दोष, काम इन्स्टॉलरचं.

दोन्ही मोजमापांचे वेळेसह फोटो, तारेचा फोटो आणि ४५ दिवसांचा अॅपचा अहवाल जोडून लेखी नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. १० दिवसांनी १९१५ वर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक इन्स्टॉलरला कळवला. पुढच्या पंधरवड्यात माणसं आली, जाड तार टाकून गेली. त्याच आठवड्यात युनिट पुन्हा तेराच्या वर गेले.

मीटरजवळच २५० च्या वर आकडा आला असता, तर हीच तक्रार महावितरणकडे न्यावी लागली असती. म्हणून दोन ठिकाणी, एकाच वेळी मोजणं महत्त्वाचं. आणि हे मोजमाप जाणकाराकडूनच करून घ्या.

६. तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी: लेखी नोटीस. वकील लागत नाही. ईमेल, व्हॉट्सअॅप आणि स्पीड पोस्ट, तिन्हीकडे पाठवा. स्पीड पोस्टची पावती आणि पोच जपून ठेवा. मजकूर असा चालेल:

‘महोदय, आपण माझ्या वडिलांच्या नावे असलेल्या वीज ग्राहक क्रमांक (…) वर दिनांक (…) रोजी (…) किलोवॅटचा सौर प्रकल्प बसवला. दिनांक (…) पासून त्यात पुढील दोष आहे: (…). या काळात सरासरी निर्मिती दिवसाला (…) युनिटवरून (…) युनिटवर आली आहे. दिनांक (…), (…) आणि (…) रोजी कळवूनही दुरुस्ती झाली नाही. करारानुसार ५ वर्षे देखभाल आपल्याकडे आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून लेखी कळवावे. तसे न झाल्यास मी महावितरण, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन व नुकसानभरपाई मागेन. सोबत: करार, बिल, फोटो, निर्मितीचा अहवाल.’

शिव्या, धमक्या, ‘सगळीकडे बदनाम करीन’ असलं काही लिहू नका. हाच कागद उद्या आयोगापुढे जाणार आहे. आणि नोटीस ज्यांच्या नावावर वीजजोडणी आणि करार आहे त्यांच्याच सहीने जाऊ द्या.

दुसरी पायरी: योजनेचं पोर्टल आणि महावितरण. पीएम सूर्यघर पोर्टलवर लॉगिन करून तक्रार नोंदवता येते. योजनेची हेल्पलाइन १५५५५ आहे. त्याचबरोबर महावितरणच्या तुमच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. इथे खरा दबाव आहे: योजनेत नोंदणीसाठी विक्रेत्याला बँक हमी ठेवावी लागते. सेवा न देणाऱ्या विक्रेत्याची हमी जप्त होऊ शकते, त्याचं नाव यादीतून काढलं जाऊ शकतं. अर्जात ‘विक्रेत्यावर योजनेच्या नियमांनुसार कारवाई करावी’ ही ओळ स्पष्ट लिहा.

तिसरी पायरी: १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, अॅपवरूनही तक्रार करता येते. ती कंपनीशी संपर्क साधून मिटवायचा प्रयत्न करते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही, पण तक्रार क्रमांक मिळतो आणि बरेच विक्रेते इथेच हलतात.

चौथी पायरी: जिल्हा ग्राहक आयोग, बुलढाणा. यातल्या पाच गोष्टी पाठच करा:

- प्रकल्पासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. ३ किलोवॅटचं घरगुती सोलर यात आरामात बसतं.
- कंपनी नागपूरची असो की पुण्याची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने ही मोठी सोय केली.
- तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करायची. ‘उद्या येतो’ ऐकत बसलात तर ही मुदत निघून जाते.
- ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. हे पोर्टल जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, त्यात व्हिडिओद्वारे सुनावणीचीही सोय आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या लोकांना बुलढाणा गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यांनी हा मार्ग आधी बघावा.
- वकील लावायची सक्ती नाही. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते असतील तर कागद लावायला मदत घ्या.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांना विरुद्ध पक्ष करा. दुरुस्ती किंवा पैसे परत, बुडालेल्या युनिटची किंमत, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असं वेगवेगळं मागा. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. वस्तूची तपासणी लागत नसेल तर ३ महिन्यांत आणि लागत असेल तर ५ महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, ती तयारी ठेवा. मधेच मध्यस्थीने मिटवायचा पर्यायही असतो. मिटवलं तर आधी दुरुस्ती, मग सही.

७. दोष महावितरणचा असेल तर

मीटर, बिल, व्होल्टेज, उशीर या तक्रारी आधी १९१२ वर किंवा उपविभागात द्या. बुलढाणा मंडल महावितरणच्या अकोला परिमंडलात येतं. स्थानिक पातळीवर दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग आहे. विदर्भासाठी लोकपालांचं कार्यालय नागपूरला आहे. मंचाकडेही २ वर्षांची मुदत आहे.

८. शेतातला सोलर पंप वेगळा

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला पंप आणि घरावरचं सोलर यांची गल्लत करू नका. पंपासाठी शेतकरी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी ५ टक्के रक्कम भरतात आणि पंप बसवणारी एजन्सी महावितरणच्या यादीतून निवडायची असते. पंपाची तक्रार महावितरणच्या १८००२३३३४३५ या टोल फ्री क्रमांकावर करा. तिथेही ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आहे.

९. नेहमीचे प्रश्न

इन्स्टॉलर काम करत नाही, कर्जाचा हप्ता थांबवू का?
नाही. कर्ज बँकेचं आहे, बिघाड विक्रेत्याचा. हप्ता चुकला तर घरच्यांचा सिबिल स्कोअर खराब होतो आणि विक्रेत्याला काहीच फरक पडत नाही.

दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेऊ का?
नोटिशीची मुदत संपण्याआधी नको. वॉरंटी जाऊ शकते आणि पुरावाही जातो. आग लागायचा किंवा शॉकचा धोका असेल तर मात्र थांबू नका. प्रकल्प बंद करून घ्या, आधीचे-नंतरचे फोटो आणि खर्चाचं बिल ठेवा.

गुगलवर वाईट रिव्ह्यू टाकू का?
टाका, पण जे कागदावर दाखवता येतं तेवढंच लिहा. ‘अमुक तारखेला कळवलं, इतके दिवस झाले, दुरुस्ती नाही.’ ‘चोर’, ‘फ्रॉड’ असे शब्द वापरले तर उलट तुमच्यावरच नोटीस येऊ शकते.

‘अनुदान अडकलंय, या लिंकवर फी भरा’ असा मेसेज आलाय.
भरू नका. अनुदान थेट खात्यात येतं. कोणी पाठवलेली एपीके फाइल टाकू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. हेल्पलाइनचा नंबर सोशल मीडियावर शोधू नका, तिथे नकली नंबर पेरलेले असतात.

अजून सोलर बसवायचंय. आधीच काय काळजी घेऊ?
पैसे टप्प्याने द्या. शेवटचा हप्ता नेट मीटर लागून, अॅपचं मालकी खातं हातात येऊन आणि सगळी वॉरंटी कार्डं मिळाल्यावरच. हे करारात लिहून घ्या. तारेची जाडी, पॅनेलचं मॉडेल आणि स्लॅबच्या गळतीची जबाबदारी, या तीन ओळीही त्यात असू द्या.

पॅनेल २५ वर्षं छतावर राहणार आहेत, विक्रेत्याची जबाबदारी पहिली ५ वर्षं आहे आणि आयोगाकडे जायला २ वर्षं मिळतात. घरी सोलर असेल तर आज संध्याकाळी दोनच कामं करा: अॅपमध्ये तुम्ही ‘ओनर’ आहात का ते बघा, आणि कराराचा व बिलाचा फोटो काढून ड्राइव्हवर ठेवा. दहा मिनिटं लागतात.